अंगातल्या वाफा

कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला पायऱ्या चढून जात नाहीत, उतरून जातात. मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे, समोर कुंड आहे, आणि साधारण एका तपानं त्या कुंडाचं पाणी आपणहून वर येऊन गणपतीच्या चरणांना लागतं, अशी यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावाची जुनी श्रद्धा आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांतलं हे ठाणं, त्यामुळे भाद्रपदात पायऱ्यांवर दाटी असते. चतुर्थीचा गलबला चालू असतानाच दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते, आणि तिची लगबग मात्र घरातल्या बायकांपुरती राहते. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी काही खायचं नाही. परसातल्या, कुंपणाकडेच्या पालेभाज्या एकत्र शिजवायच्या. पाळीच्या दिवसांत कळत-नकळत झालेल्या स्पर्शाचा दोष फिटावा म्हणून बाईनं हे व्रत वर्षानुवर्षं करायचं आणि पाळी कायमची गेली की त्याचं उद्यापन करायचं.

जो दोष नाहीच तो फेडायला लावणारं हे व्रत आहे, ते पटण्यासारखं नाही. तरीही बाईची पाळी थांबली या घटनेची दखल आपल्या समाजानं घेतली ती बहुधा एवढ्या एका उद्यापनात. त्यानंतर तिला देवघर मोकळं होतं, लोणच्याच्या बरणीला हात लावायला कुणाची आडकाठी राहत नाही, वारीला निघताना तारखा मोजाव्या लागत नाहीत. “सुटले बाई एकदाची” हा उद्गार मनापासूनचा असतो. तीस-पस्तीस वर्षांची कटकट संपलेली असते. पण उद्यापन व्रताचं होतं. शरीरात त्याच सुमारास काहीतरी नवं सुरू झालेलं असतं, आणि त्याची विचारपूस करणारा कुठलाही दिवस पंचांगात नाही.

कळंबजवळच्या एखाद्या गावातली सत्तेचाळीस वर्षांची बाई डोळ्यांसमोर आणावी. घरचं थोडं वावर, उरलेले दिवस दुसऱ्याच्या वावरात मजुरी. दिवाळी उलटली आहे, कापसाची वेचणी ऐन भरात आहे, सकाळी चांगला गारवा आहे. पऱ्हाटीच्या ओळीत वाकलेली असताना तिच्या छातीतून मानेकडे आणि मानेतून चेहऱ्याकडे जाळ चढतो. दोन-चार मिनिटांत पदर घामानं भिजतो, मग अंगावर शहारा येतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला होता तेव्हा हे उन्हावर ढकलता आलं. कार्तिकात कशावर ढकलणार? रात्री ती पुन्हापुन्हा उठून बसते. सकाळी डोकं जड, बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड, गुडघे आणि मनगटं आखडलेली. शेजारणीला ती सांगते, “मले रात्री झोपच नाई लागत, अंगातून नुसत्या वाफा निंगतेत.” शेजारीण म्हणते, “वय झालं व बाई आता, होतेच असं.” आणि बोलणं तिथंच संपतं. या बाईला इथं नाव दिलेलं नाही. ती कोणत्याही गावात भेटेल.

या वाफांचं मूळ मेंदूत आहे. शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र हायपोथॅलॅमस या भागात असतं. बीजकोशातून येणारं इस्ट्रोजेन कमी होऊ लागलं की तिथल्या काही चेतापेशी वाजवीपेक्षा जास्त चेतवल्या जातात आणि शरीराला सोसणारा तापमानाचा पट्टा अगदी अरुंद होतो. अंगातली उष्णता अर्ध्या अंशानं इकडची तिकडे झाली तरी मेंदू ‘फार तापलं’ असा हुकूम सोडतो, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, घाम सुटतो. म्हणजे ही बाई कल्पनेनं तापत नाही, तिच्या शरीरात हे खरोखर घडत असतं. आणि ते महिना-दोन महिन्यांत सरतंच असं नाही. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात बायकांना या वाफांचा त्रास किती काळ होतो ते पाहिलं गेलं. मध्यक निघाला ७.४ वर्षं. सात-आठ वेचण्या आणि सात-आठ उन्हाळे अपुऱ्या झोपेवर काढायचे, आणि वर म्हणायचं की होतेच असं.

यावर औषध आहे. कमी झालेलं हार्मोन बाहेरून थोडं द्यायचं, त्याला डॉक्टर ‘एचआरटी’ म्हणतात. वाफांवर याहून परिणामकारक काही सापडलेलं नाही. अनेक चाचण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात वाफांची संख्या साधारण तीन चतुर्थांशानं घटलेली दिसली. झोप सुधारते, योनीचा कोरडेपणा कमी होतो, हाडांची झीज मंदावते. तरीही शहरातल्या शिकलेल्या बाईसमोर हे नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, “पण त्यानं कॅन्सर होतो ना?” खेड्यातल्या बाईसमोर तर हे नावच निघत नाही. दोघींचीही अडवणूक होते, फक्त वेगवेगळ्या तऱ्हेनं.

कॅन्सरची भीती कुठून आली हे जरा सावकाश पाहण्यासारखं आहे, कारण तिच्यात खरं आणि अर्धवट असं दोन्ही मिसळलं आहे. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी अमेरिकेत १९४२ पासून मिळू लागली. १९६६ साली रॉबर्ट विल्सन या न्यूयॉर्कच्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं एक पुस्तक गाजलं. रजोनिवृत्ती हा हार्मोनच्या अभावाचा आजार आहे आणि गोळ्या घेतल्या की बाई कायम तरुण राहते, असा त्याचा दावा होता. नवऱ्याला चिडचिडी बायको नको म्हणून बायकोला औषध द्या, असा त्यातला सूर होता. तो आज वाचवत नाही. गोळ्यांचा खप वाढला. मग १९७५ मध्ये दोन अभ्यासांनी दाखवून दिलं की गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. त्यावर उपाय निघाला: पिशवी शाबूत असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखं औषध द्यायचं, म्हणजे अस्तर राखलं जातं. हा नियम आजही तसाच आहे, आणि ज्या बाईला औषध घ्यायचं आहे तिनं दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी एवढं ठेवावं.

त्यानंतर आला जुलै २००२. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी सरकारी चाचणीचा दोन औषधांचा भाग सरासरी ५.२ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर मुदतीआधी थांबवण्यात आला. त्यात १६,६०८ बायका होत्या. औषध घेणाऱ्यांत स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी जास्त आढळला आणि हाच आकडा जगभरच्या मथळ्यांत गेला. हजारो डॉक्टरांनी लिहून देणं बंद केलं, लाखो बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. पण २६ टक्के म्हणजे किती जणी? वर्षाला दहा हजार बायकांमागे न घेणाऱ्यांत ३०, घेणाऱ्यांत ३८; म्हणजे आठ जास्त. जवळजवळ तितकीच वाढ पक्षाघातात आणि फुप्फुसात गुठळी जाण्यात होती. मांडीचं हाड मोडण्याच्या घटना मात्र दहा हजारांमागे पाचनं आणि मोठ्या आतड्याचे कर्करोग सहानं कमी झाले होते.

हे आठ कमी लेखू नयेत; ज्या घरात ती आठवी बाई असते त्या घराला आकडेवारीचा दिलासा नसतो. पण या चाचणीतल्या बायका कोण होत्या, हा प्रश्न मथळ्यांत हरवला. त्यांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. दोन तृतीयांश साठी ओलांडलेल्या होत्या, कितीतरी जणींची पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झाली होती, आणि गोळी होती तीच घोडीच्या इस्ट्रोजेनची, जोडीला मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. वाफांनी हैराण झालेल्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाईचा प्रश्न या चाचणीनं विचारलाच नव्हता. म्हातारपणी हृदयविकार टळतो का, हे ती पाहत होती. उत्तर ‘नाही’ असं आलं, आणि ते उत्तर भलत्याच प्रश्नाला चिकटवलं गेलं. याच प्रकल्पात गर्भाशय काढलेल्या १०,७३९ बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. पक्षाघात वाढल्यामुळे तो भागही २००४ मध्ये थांबवला, पण त्यांच्यात स्तनांचा कर्करोग वाढलेला नव्हता. पुढच्या दीर्घ पाठपुराव्यात तर तो कमीच निघाला. ही बातमी पहिल्या बातमीइतकी कधीच पसरली नाही.

गेल्या वीस-बावीस वर्षांत उलगडा होत गेला. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, त्रास खरा असेल आणि मनाई करणारं काही नसेल, तर बहुतेक बायकांसाठी फायद्याचं पारडं जड असतं, असं आता रजोनिवृत्तीवर काम करणाऱ्या बऱ्याच संस्था म्हणतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १० नोव्हेंबर २०२५ रोजी या औषधांवरचे हृदयविकार, स्तनांचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचे काळ्या चौकटीतले इशारे काढण्याचं जाहीर केलं. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन देण्याबद्दलचा इशारा मात्र राहिला, आणि तो राहायलाच हवा.

दुसरी बाजू इथंच मांडायला हवी, कारण भीतीचा लंबक आता उलट टोकाला जाऊन पुन्हा ‘सदा तरुण राहा’ची विक्री सुरू होण्याची शक्यता आहे. ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली जगभरच्या अभ्यासांची एकत्रित मांडणी आली. पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं दोन्ही हार्मोन्स रोज घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत साधारण पन्नास बायकांमागे एक जादा स्तनांचा कर्करोग, असा तिचा हिशेब आहे; नुसत्या इस्ट्रोजेननं दोनशेमागे एक. हा हिशेब पाश्चात्त्य बायकांच्या मूळ प्रमाणावर बेतलेला आहे आणि आपल्याकडे ते मूळ प्रमाण कमी आहे. तरीही पन्नासमागे एक हा आकडा बाईपासून लपवून ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही. तो ऐकून एखादी म्हणेल, “नको मग, सोसते मी.” दुसरी म्हणेल, “झोपेवाचून मी आजच मरतेय, द्या.” दोघींचंही बरोबर. चूक आहे ती त्या दोघींच्या वतीनं दुसऱ्यानंच ठरवून टाकण्यात.

आणि आपल्याकडे ते दुसरेच ठरवतात, याचा पुरावा विदर्भातलाच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि आयुष्यात कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या ८ टक्के. जगाच्या वैद्यकशास्त्राला तोवर खेड्यातली बाई माहीत होती ती गरोदर किंवा बाळंतीण म्हणून. बाळंतपण नाही, पाळणा लांबवायचा नाही, म्हणजे तिच्या ओटीपोटाशी आरोग्यव्यवस्थेला काही देणंघेणं नाही. या अभ्यासानं तो समज मोडून काढला. पण पाळी गेलेली बाई अजूनही त्या समजुतीच्या पलीकडच्या अंधारातच आहे. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा फॉर्म भरतात. त्यात स्तनातल्या गाठीचा प्रश्न आहे, पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त जातं का हाही प्रश्न आहे, आणि तो फार मोलाचा आहे, कारण तसं रक्त जाणं हे गर्भाशयाच्या कर्करोगाचं लक्षण असू शकतं. वाफा येतात का, झोप मोडते का, शरीरसंबंध दुखतात का, हे मात्र त्या फॉर्ममध्ये कुठंच नाही.

वयाचाही घोळ आहे. सुश्रुतानं रजोनिवृत्तीचं वय पन्नास सांगितलं आणि पाश्चात्त्य पुस्तकं एकावन्न सांगतात. इंडियन मेनोपॉज सोसायटीच्या देशव्यापी पाहणीत मात्र भारतीय बायकांचं सरासरी वय ४६.२ वर्षं निघालं. म्हणजे आपल्याकडे हा टप्पा चार-पाच वर्षं आधी येतो. इस्ट्रोजेनवाचून काढायची वर्षं तेवढी वाढतात, आणि पाळी जाण्याच्या आसपास हाडं सर्वांत वेगानं झिजतात ती वर्षं अंगमेहनतीच्या ऐन भरात पडतात. डोक्यावर पाण्याची गुंडी, पाठीवर फवारणीचा पंप, आणि आत मणका हळूहळू पोकळ होतो आहे.

पण खरा जीव तुटतो तो वेगळ्याच बायकांसाठी, ज्यांची पाळी आपणहून गेली नाही, काढून घेतली गेली.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गोष्ट २०१९ मध्ये देशभर गेली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस काम चुकलं की खाडा मांडून पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत फडावर ना आडोसा, ना पाणी. अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं म्हणून खासगी दवाखान्यात गेलं की कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायचा सल्ला मिळायचा. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे दर सहा बायकांमागे एकीहून जास्त, आणि त्यांच्यात तिशीतल्या कितीतरी. गरज नसताना होणाऱ्या या शस्त्रक्रियांना आळा घालण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत राबवा, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना सांगितलं.

बातम्या पिशवीपाशी थांबल्या. पिशवी काढताना दोन्ही बीजकोशही काढले असतील तर त्या बाईचं इस्ट्रोजेन त्याच दिवशी तुटतं. निसर्ग ज्या उताराला काही वर्षं घेतो तो तिला एका रात्रीत उतरावा लागतो, तेही पस्तिसाव्या वर्षी. वाफा जास्त जोरात येतात, हाडांचं आणि हृदयाचं नुकसान दहा-बारा वर्षं आधी सुरू होतं. बीजकोश ठेवले असले तरी ते ठरल्या वेळेआधी थकण्याची शक्यता वाढते. आणि सत्तेचाळीस वर्षांच्या बाईसाठी जो ‘घ्यावं की नाही’चा विचार आहे, तो इथं जवळजवळ उरतच नाही. कमी वयात इस्ट्रोजेन तुटलेल्या बाईला, मनाई करणारं कारण नसेल तर, निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत ते परत द्यावं, याबद्दल तज्ज्ञांत फारसं दुमत नाही. त्रेसष्ट वर्षांच्या अमेरिकन बायकांचे धोके तिला लागू नाहीत. शरीराला त्या वयात जे मिळायचंच होतं तेच ते देणं आहे. शिवाय गर्भाशय नसल्यानं तिला प्रोजेस्टेरॉनही लागत नाही. जिला औषधाचा फायदा सर्वांत जास्त आणि धोका सर्वांत कमी, तिला असं औषध असतं हे कुणी सांगितलेलंच नसतं. टाके काढायला बोलावलं, ते काढले, आणि “आता काही त्रास नाही” म्हणून पाठवून दिलं.

वेचणीतल्या त्या बाईकडे परत येऊ. तिला ठरवायचं झालं तर ती कुठं जाईल? यवतमाळ वीस-पंचवीस किलोमीटरवर. तिथं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसऱ्या दिशेला वर्ध्यापलीकडे सेवाग्राम. डॉ. सुशीला नायर यांच्या कामातून उभं राहिलेलं कस्तुरबा रुग्णालय तिथं आहे, आणि १९६९ पासून त्याला जोडून खेड्यांसाठीचं वैद्यकीय महाविद्यालय. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला, त्यामुळे ती वाट जरा सोपी झाली आहे. अडचण रस्त्याची कमी आणि निमित्ताची जास्त आहे. ताप नाही, जखम नाही, अंगावरून जात नाही. मग मजुरी बुडवून दवाखान्यात कशाला, हा प्रश्न घरच्यांआधी तीच स्वतःला विचारते.

गेलीच, तर चांगला डॉक्टर औषध लिहिण्याआधी बरंच विचारेल. शेवटची पाळी कधी आली? वर्ष उलटल्यावर पुन्हा कधी रक्त गेलं का? रक्तदाब किती, साखर किती? आई-बहिणीत कुणाला स्तनांचा कर्करोग? कधी पाय सुजून गुठळी झाली होती का? तंबाखू, खर्रा? विदर्भात आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी, जी बाहेरच्या पुस्तकांत तळटिपेत सापडते: घरात सिकलसेल आहे का? सिकलसेलच्या रुग्णात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच जास्त असतो, आणि तोंडावाटे घेतलेली इस्ट्रोजेनची गोळी तो आणखी वाढवू शकते. तपासणी मोहिमेत मिळालेलं सिकलसेलचं कार्ड पेटीत पडलेलं असतं. ते सोबत न्यावं. स्तनांचा कर्करोग होऊन गेलेला असेल, हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका नुकताच आला असेल, यकृत बिघडलेलं असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर हे औषध देत नाहीत.

औषधाची रूपंही अनेक आहेत. गोळी यकृतातून जाते, म्हणून गुठळ्यांचा धोका. दंडावर किंवा मांडीवर चोळायची जेल त्वचेतून सरळ रक्तात जाते आणि नेहमीच्या मात्रेत हा धोका वाढवताना दिसलेली नाही. पिशवी असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, बहुधा रात्री, कारण तिनं गुंगी येते. आणि जिला वाफांचा त्रास नाही, फक्त खालच्या जागेचा कोरडेपणा, लघवीची जळजळ आणि नवऱ्याजवळ जाताना होणारं दुखणं आहे, तिला अंगभर हार्मोन घ्यायची गरजच नाही. जागेवर लावायचं इस्ट्रोजेनचं मलम पुरतं, त्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं. या दुखण्यावर कितीतरी संसारांत वर्षानुवर्षं अबोला धरला जातो. तो एका मलमानं सुटू शकला असता, हे कळल्यावर वाईट वाटतं.

“पाळी जाणं निसर्गाचं आहे, त्याला औषध कशाला?” हा आक्षेप प्रामाणिक असतो, त्याला उडवून लावू नये. मोतीबिंदूही वयानंच येतो. तरी तो काढायला आपण सासूला शिबिरात नेतो आणि पट्टी सुटल्यावर तिला नातवाचं तोंड दिसलं म्हणून आनंदतो. सोसण्याला मान द्यायचा तो बाईच्या सोसण्यालाच का, हे एकदा घरात बोलायला हवं. यात नवऱ्याचा वाटा मोठा आहे. रात्री ती उठून ओसरीत बसते तेव्हा जागा होणारा तोच असतो, “काय होते व तुले?” एवढं त्यानं विचारलं तरी दवाखान्याची वाट निम्मी सरते.

हार्मोन नको म्हणणाऱ्या बाईलाही वाटा आहेत. नैराश्यावरची काही औषधं कमी मात्रेत वाफा घटवतात, गाबापेन्टिननं रात्रीच्या वाफा कमी होतात. मेंदूतल्या त्या चेतवलेल्या पेशींवरच काम करणाऱ्या फेझोलिनेटंट या हार्मोन नसलेल्या गोळीला अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. सोयाबीनचं मात्र नवल आहे. यवतमाळची वावरं सोयाबीननं भरलेली, त्याच्यात इस्ट्रोजेनसारखं काम करणारी द्रव्यं असतात म्हणून जगभर गोळ्या विकल्या जातात, आणि इथलं सोयाबीन तेल काढून ढेप होऊन निघून जातं. पण वाफांवर त्याचा परिणाम चाचण्यांत कधी दिसतो, कधी नाही. अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीनं २०२३ मध्ये त्याची शिफारस केली नाही. प्रथिनांसाठी ते जरूर खावं. वाफा जातील म्हणून महागडा डबा घेऊ नये.

घ्यायचं ठरलं तरी ते जन्माचं बांधून घेणं नव्हे. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं, मात्रा कमी-जास्त करायची, मग दरवर्षी रक्तदाब, स्तनांची तपासणी, आणि अजून गरज आहे का ही विचारणा. थांबवायचं तेव्हा थांबवता येतं. काही जणींना वाफा परत येतात, काहींना नाही. मधेच रक्त गेलं तर लगेच दाखवायचं.

आणि जिची पिशवी काढलेली आहे तिनं, मग ती बीडच्या फडावरची असो की कळंबच्या वावरातली, आधी ऑपरेशनचा कागद शोधावा. धान्याच्या कोठीमागे, देवाच्या फडताळात, नवऱ्याच्या बँकेच्या पासबुकात, जिथं असेल तिथून तो काढावा. पिशवीबरोबर बीजकोश काढले की ठेवले, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. त्या कागदावर ते लिहिलेलं असतं. कागद हरवला असेल तर सोनोग्राफी आणि रक्तातल्या एफएसएच या हार्मोनची तपासणी यांवरून डॉक्टरांना बराच अंदाज येतो. वय पंचेचाळीसच्या आत असेल आणि वाफा सुरू असतील, किंवा वाफा नसूनही दोन्ही बीजकोश गेलेले असतील, तर तो कागद घेऊन यवतमाळला, सेवाग्रामला नाहीतर आपल्या जवळच्या मोठ्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागात जावं आणि सरळ विचारावं: माझे बीजकोश गेले आहेत, मला हे औषध का द्यायचं किंवा का द्यायचं नाही, ते मला समजावून सांगा.